मोठ्यांचा चित्रकला वर्ग : बारा शनिवारांनंतर

शाळेत चित्रकलेचे सर पाठीमागून यायचे, माझ्या हातातली पेन्सिल घ्यायचे आणि चार रेघांत चित्र सुधारून पुढे जायचे. चित्र चांगलं व्हायचं, पण माझं राहायचं नाही. नंतरची सदतीस वर्षं मी फक्त हिशेबाच्या वहीत रेघा मारल्या. त्यामुळे या वर्गाच्या बाई पहिल्याच दिवशी ‘मी तुमच्या कागदाला हात लावणार नाही’ म्हणाल्या, तेव्हाच माझी फी वसूल झाली.

शब्द त्यांनी पाळला. काही चुकलं की स्टूल ओढून शेजारी बसतात, स्वतःच्या स्केचबुकच्या कोपऱ्यात तेवढाच भाग काढतात आणि उठून जातात. पुढचं आपलं आपण.

सगळ्यात जास्त शिकलो ते एका कपावरून. माझ्या कपाचं तोंड दोन्ही टोकांना अणकुचीदार, आणि बूड पट्टीनं आखल्यासारखं सरळ. कप टेबलावर सपाट बसतो, मग बूड सरळच असणार, हा माझा हिशेब. बाईंनी मला खुर्ची सोडून जमिनीवर बसवलं. कपाचं तोंड डोळ्यांच्या रेषेत आलं आणि त्या गोलाची नुसती आडवी रेघ झाली. मग सावकाश उठायला सांगितलं, तसतशी रेघ उघडत गेली. बूड नजरेच्या आणखी खाली, म्हणून त्याची गोलाई तोंडापेक्षाही जास्त हवी. गुडघे कुरकुरले, पण त्या दिवसापासून बुडाची रेघ सरळ आली नाही.

कागदाकडे न बघता स्वतःचा हात काढायचा सरावही होता. माझा हात म्हणजे सुतळीचा गुंता. बाईंनीही आमच्याबरोबर काढला आणि सगळ्यांना दाखवला. तोही गुंताच! चाळिशी-पन्नाशीतली माणसं इतकी मोकळी हसताना मी क्वचितच पाहिलीत. बाईंना रेखाटनाचं वेडच आहे म्हणा ना. मधल्या सुटीतसुद्धा कोपऱ्यात बसून आमच्या चपला काढत असतात.

आता तक्रारी. बाई बोलायला लागल्या की घड्याळ विसरतात. एकदा पेन्सिलीवर घसरल्या: शिशात चिकणमाती जास्त तर कडक एच, ग्रॅफाइट जास्त तर मऊ बी, आणि हे मिश्रण फ्रान्समध्ये कोंते नावाच्या संशोधकानं 1795 साली कसं जमवलं, इथपर्यंत. ऐकायला मजा आली, पण चित्राला वीस मिनिटं उरली. दुसरं, खोलीत खिडकीचा उजेड आणि वर ट्यूबलाइट, त्यामुळे एका वस्तूच्या दोन सावल्या. मी बोललो तेव्हा सातव्या आठवड्यापासून ट्यूब बंद झाली. छायाप्रकाश फार उशिरा येतो, चारकोल तर एकाच दिवशी. सामानाच्या यादीत बारा पेन्सिली आहेत, त्या घेऊ नका. एचबी, 2बी, 6बी आणि मळून वापरायचा मऊ खोडरबर पुरतो.

तीन महिन्यांत भिंतीवर लावण्याजोगं चित्र हवं असेल, तर इथे जाऊ नका.

शेवटच्या शनिवारी पुन्हा हात काढायचा होता, या वेळी बघून. माझा अंगठा चुकला. बाई आल्या, स्वतःच्या वहीत एक अंगठा काढला आणि गेल्या. मी तीनदा खोडला. माझा अजून वाकडाच आहे. पुढच्या बॅचला नाव दिलंय.