घरी बांधलेला ट्यूब अ‍ॅम्प, तीन जोड्या आउटपुट ट्रान्सफॉर्मर : आठ महिन्यांनंतर

ट्यूब (काचेचे व्हॉल्व्ह) लावून घरीच बांधलेल्या अ‍ॅम्पला आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं, कारण स्वतः सोल्डर केलेल्या डब्यातून पहिल्यांदा गाणं आलं की ते कसंही असो, गोडच लागतं.

सर्किट साधंच आहे. सिंगल एंडेड (एका चॅनलचं काम एकच पॉवर ट्यूब करते) स्टिरिओ, दोन्ही चॅनलला एकेक ईएल८४ पॉवर ट्यूब, त्यांच्या आधी सिग्नल वाढवायला एक ईसीसी८३, पेंटोड मोड (ट्यूबचे पाचही इलेक्ट्रोड वापरून), प्लेटला (ट्यूबच्या आउटपुटच्या टोकाला) २५० व्होल्ट, ४८ मिलीअँप, लोड ५.२ किलोओहम, म्हणजे डेटाशीटमध्ये आहे तसंच्या तसं, साडेपाच-पावणेसहा वॅट. ट्यूबही आलटूनपालटून बघितल्या, फरक होता पण कान टवकारल्यावर कळेल इतकाच. ट्यूब आणि स्पीकर जोडून देणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलला त्या दिवशी मात्र आतल्या खोलीतून बायकोने विचारलं, "आज काय वेगळं लावलंयस?"

पहिली जोडी मुठीत मावेल एवढी. वर ५ के, ८ ओहम, ५ वॅट एवढंच छापलेलं, डीसी (ट्यूबचा सतत एकाच दिशेने वाहणारा करंट) किती झेपेल, इंडक्टन्स (हा जितका जास्त तितका बेस खालपर्यंत) किती, काही पत्ता नाही. रेशो, म्हणजे दोन वाइंडिंगच्या वेढ्यांचं प्रमाण, तेवढा मी तपासला होता, तो सगळ्यांनीच तपासावा, पाच मिनिटांचं काम आहे. ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५, म्हणजे प्रायमरीला (ट्यूबकडच्या वाइंडिंगला) १० व्होल्ट एसी दिले तर सेकंडरीला (स्पीकरकडच्या) ०.४ यायला पाहिजेत. ०.३९ आले, मी खूश.

आवाज? मधला भाग झकास. गायकाचा गळा, सारंगी, अगदी समोर बसल्यासारखं. तंबोऱ्याची जवारीही मोकळी. पण तबल्याचा डग्गा म्हणजे कोणीतरी पुठ्ठ्यावर बोट आपटतंय. आणि लाज वाटते सांगायला, पण दीड महिना मी ह्यालाच ट्यूबचा आवाज म्हणून मिरवत होतो, येईल त्याला बसवून ऐकवत होतो.

मग एकदा स्पीकर काढून ८ ओहमचा जाड रेझिस्टर लावला, मोबाइलवरून टोन सोडले आणि मीटर लावून बसलो. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देतात तो) काढून, अगदी कमी आवाजात मोजलं तरी ९० हर्ट्झला आउटपुट तीन डीबीने खाली, म्हणजे पॉवर निम्मी. ह्याचं गणित सोपं आहे. ट्यूबचा आतला रेझिस्टन्स आणि लोड पॅरलल धरायचे, त्याला २π गुणिले इंडक्टन्सने भागायचं, की खालची फ्रिक्वेन्सी मिळते. पेंटोडमध्ये ईएल८४चा आतला रेझिस्टन्स ३८ के वगैरे, त्याला ५.२ के पॅरलल म्हणजे साधारण ४.६ के, ९० हर्ट्झवरून उलटं गेलं की ८ हेन्री निघतात. इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर हाच ट्रान्सफॉर्मर १४ हेन्री दाखवत होता! डीसीने इंडक्टन्स घटतो, आणि मीटर वाइंडिंगमधून ४८ मिलीअँप डीसी सोडत नाही ना, तिथे फसायला होतं.

आणि हे झालं कमी आवाजातलं. जोरात लावलं की वेगळीच भानगड. कोअरमधला (आतल्या लोखंडातला) फ्लक्स, म्हणजे चुंबकत्व, व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सीवर चालतो, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला ८० हर्ट्झवरून ४० वर आलात की लोखंडावरचा ताण दुप्पट. स्कोपवर (सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर) १००० हर्ट्झची साइन वेव्ह पाच वॅटला बऱ्यापैकी गोल, आणि ४० हर्ट्झला दीड वॅटलाच तिचा एक खांदा बसलेला. एकच खांदा, कारण डीसीने कोअर आधीच एका बाजूला ढकललेलं असतं.

आता दुसरी जोडी, आणि हा शुद्ध मूर्खपणा माझा. टोरॉइड, म्हणजे बांगडीसारख्या गोल कोअरचे. दिसायला देखणे, चपटे, मीटरवर ८० हेन्रीच्या वर. विकणाऱ्याला विचारलं सिंगल एंडेडला चालतील का, तो म्हणाला चालतील की, न चालायला काय झालं. लावले. पहिल्या जोडीपेक्षा वाईट! बेस गायब, वर सगळं खरखरीत, मी आधी ट्यूबचे सॉकेट तपासत बसलो, मग कपलिंग कपॅसिटर बदलले, दोन संध्याकाळी गेल्या. ते होते पुश-पुलसाठीचे (एका चॅनलला दोन ट्यूब जोडीने चालतात तो प्रकार), कोअरमध्ये एअर गॅपच, म्हणजे लोखंडातली बारीक फटच, नाही. पुश-पुलमध्ये दोन ट्यूबांचे डीसी प्रायमरीच्या दोन अर्ध्या भागांतून उलट दिशेने जातात आणि कोअरपुरते एकमेकांना मारून टाकतात, त्यामुळे गॅप लागत नाही. सिंगल एंडेडमध्ये सगळा डीसी एकाच दिशेने, बंद रिंगचं कोअर तिथल्या तिथे सॅच्युरेट, लोखंडात आणखी चुंबकत्व मावतच नाही. १९४७ साली विल्यमसन ह्या इंजिनिअरने आपल्या गाजलेल्या ट्यूब अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरसाठी प्रायमरी इंडक्टन्स किमान १०० हेन्री मागितला होता, तो आकडा वाचून मी हुरळलो होतो, पण ते डिझाइन पुश-पुल आहे हे सोयीस्कर विसरलो. गॅप ठेवली की इंडक्टन्स पडतो, तो भरून काढायला लोखंड वाढवावं लागतं, तांबं वाढवावं लागतं, म्हणून तर सिंगल एंडेडचे चांगले ट्रान्सफॉर्मर धोंड्यासारखे जड असतात.

तिसरी जोडी तशीच, धोंडा. साधा ई-आय कोअर (ई आणि आय आकाराच्या पट्ट्यांचा), गॅप असलेला, १५ वॅट आणि ८० मिलीअँपला रेट केलेला, म्हणजे माझ्या गरजेच्या जवळजवळ तिप्पट वॅट. चेसिसचा पत्रा वाकला, खालून अँगल मारावा लागला. मोजलं तर तीन डीबीची घट आता ३६ हर्ट्झला, म्हणजे माझ्या डीसीसकट २० हेन्री. त्या दिवशी डग्ग्यावर मनगट दाबून सरकवतात ना, तो घुमारा पहिल्यांदा पूर्ण ऐकला, सुरू कुठे होतो आणि विरतो कुठे हे वेगळं कळायला लागलं.

सगळंच सुधारलं असं नाही हं. वरच्या बाजूला छोटी जोडी जास्त मोकळी होती, अजूनही वाटतं. मोठ्या वाइंडिंगमध्ये लीकेज इंडक्टन्स (एका वाइंडिंगचं दुसऱ्यापर्यंत न पोचणारं चुंबकत्व) आणि कपॅसिटन्स दोन्ही वाढतात आणि वरच्या फ्रिक्वेन्सी खातात, प्रायमरी-सेकंडरीचे थर एकाआड एक किती घेतलेत त्यावर बरंच अवलंबून असतं, आणि हे बाहेरून दिसत नाही. १० हजार हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह दिली तर कोपऱ्यावर बारीक थरथर दिसते, फीडबॅक रेझिस्टरला छोटा कपॅसिटर जोडून ती बरीच आटोक्यात आणली.

फीडबॅकवरून आठवलं, ट्रान्सफॉर्मर बदलताना वायरींची दिशा उलटी झाली तर निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह होतो. माझा झाला. चालू केल्यावर वीस सेकंद शांतता, ट्यूब तापल्या आणि अशी किंकाळी फुटली की मी उडी मारून प्लग उपटला. सेकंडरीच्या दोन वायर अदलाबदल, विषय संपला. पण आता नवीन जोडी लावली की फीडबॅक आधी सुटा ठेवतो. आणि हो, सेकंडरीला स्पीकर किंवा रेझिस्टर नसताना अ‍ॅम्प चालवू नका, सिग्नल आला की प्रायमरीवर भयंकर व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन किंवा सॉकेट जळतं.

अ‍ॅम्पला मेन्सवरून वीज देणाऱ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरबद्दल थोडंच. मी गरजेपेक्षा मोठा घेतला, लोड कमी पडला म्हणून ट्यूब तापवणाऱ्या हीटरला ६.३ ऐवजी ६.९ व्होल्ट यायला लागले. दोन्ही वायरींत ०.१५ ओहमचे रेझिस्टर टाकले, १.८ अँपला अर्धा व्होल्ट पडला, झालं. हमचा, म्हणजे सतत येणाऱ्या घूं आवाजाचा, उपाय चेसिसला भोकं पाडायच्या आधी करायचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला नुसते हेडफोन जोडायचे, दुसरं काही नाही, पॉवर ट्रान्सफॉर्मर चालू करायचा आणि आउटपुटवाला लाकडी फळीवर हळूहळू फिरवायचा. एका कोनात घूंऽऽ चक्क नाहीसं होतं, तिथे पेन्सिलने खूण. माझ्याकडे तो कोन काटकोनाच्या जरा अलीकडे निघाला, का ते देव जाणे.

छोटी जोडी फेकली नाही. दुसऱ्या एका अ‍ॅम्पमध्ये तीच लावली, पण ईएल८४ ट्रायोड (तीनच इलेक्ट्रोडची असल्यासारखी) जोडून आणि करंट ३५ मिलीअँपवर आणून. ट्रायोडमध्ये आतला रेझिस्टन्स २ केच्या आसपास, मग त्याच ८ हेन्रीला गणित २८-२९ हर्ट्झ सांगतं. वॅट दोनच मिळतात, जोरात लावलं तर खांदा अजूनही बसतो, पण रात्री हळू आवाजात ऐकायला मी धोंड्यापेक्षा ह्याच्याकडे जास्त वळतो हे खरं आहे. ज्या ट्रान्सफॉर्मरला मी सहा महिने नावं ठेवली तो चुकीच्या जागी बसवला होता.

धोंड्याची एकच तक्रार राहिलीये. रेझिस्टरवर मोजमाप चालू असताना, स्पीकर नसतानाही, गाणं ऐकू येतं, बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. लॅमिनेशनच्या पट्ट्या थरथरतात. बोल्ट आवळले, थोडं कमी झालं. पुढच्या सुट्टीत काढून वार्निशमध्ये बुडवणार आहे.