पद्मिनी घेऊ की वन वन एट एनई?

बाबांची पद्मिनी आणि काकांची एनई (118 एनई), दोन्ही प्रीमियर कंपनीच्या जुन्या गाड्या, दोन्हीवर भरपूर हात साफ करून झालाय, त्यामुळे जुनी प्रीमियर घ्यायचीय, कुठली घेऊ असं कोणी विचारलं की मी सरळ एनई सांगतो. पद्मिनीवाले चिडतात, चिडू देत.

गंमत बघा, आपल्याकडे या दोघींत वीस वर्षांचं अंतर, पद्मिनी म्हणजे 1964 पासून कुर्ल्याला बनू लागलेली फियाट 1100 डी आणि एनई आली 1985 ला, पण तिकडे इटलीत 1100 डी 1962 ची आणि एनईचं मूळ असलेली फियाट 124 ही 1966 ची, म्हणजे चारच वर्षं! खरा जमाना बदलला तो बॉनेटखाली. पद्मिनीत फियाटचं 1089 सीसी, एनईत निसानचं 1171. एनई म्हणजेच निसान इंजिन.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट सलग, त्यामुळे पुढे तिघं बसायचे आणि मधल्याचे गुडघे सांभाळत दुसरा टाकायचा, ते एक वेगळंच कौशल्य. मे महिन्यात घाटात बॉनेट उघडून, टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या तापलेल्या पंपावर ओलं फडकं टाकणं आलंच. एनईत गिअर खाली, सीटा वेगळ्या, इंजिन गुपचूप काम करतं, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन खंबाटकी चढताना सेकंडला तक्रार नाही. दोन्हींत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना, त्यामुळे लोड असला की चढाला पकड मस्त, पण पावसात गाडी रिकामी असताना वळणावर जास्त रेस दिली की मागची बाजू फिरायला बघते, पुढच्या चाकांना जोर असलेल्या नव्या गाड्यांवर शिकलेल्यांनी जरा जपूनच.

पद्मिनी जिंकते ती स्पेअरमध्ये. इतकी वर्षं टॅक्सीला चालली (मुंबईतली शेवटची 2023 ला बंद झाली) की सामान आणि जुना मिस्त्री दोन्ही अजून सापडतात, एनईची काच किंवा दिवा फुटला तर मात्र हिंडत बसा. म्हणून एनई घेताना इंजिनपेक्षा आधी पत्रा, काचा, दिवे बघा.

आणि कुठलीही घ्या, गाडीखाली वाकून प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचे) जॉइंट हाताने हलवून बघा. क्लच सोडताना मागून कट्ट असा आवाज आला की भाव पाडून मागायचा.