तपकीर गल्लीतला मोबाईल दुरुस्तीचा गाळा: आधी मीटर, मग स्क्रू ड्रायव्हर

बुधवार पेठेतील तपकीर गल्ली विजेचे सामान घेणाऱ्या पुणेकरांना नवीन नाही. ज्या गाळ्याबद्दल मी लिहितो आहे, तो तिथल्या एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे आणि त्याच्या पाटीवर ‘मोबाईल रिपेअरिंग’ या दोन शब्दांपलीकडे काहीही लिहिलेले नाही, त्यामुळे मलाही दुकानाचे नाव देता येत नाही. गाळा इतका लहान आहे की कारागीर आत बसतो आणि गिऱ्हाईक पायरीवर उभे राहते. गेल्या दोन महिन्यांत मी तिथे दोनदा दुरुस्ती करून घेतली, दोन्ही वेळा एकाच फोनची आणि वरवर पाहता एकाच तक्रारीसाठी.

तक्रार अशी होती की फोन मधूनच चार्ज होई आणि मधूनच थांबे. रात्री केबल लावून झोपावे, तर सकाळी बॅटरी २३ टक्क्यांवर असे. केबल किंचित वर उचलून धरली की विजेची खूण उमटायची, हात काढला की जायची. शेवटी मी केबलखाली काडेपेटी सरकवून आणि फोनवर जाड शब्दकोश ठेवून आठवडाभर काम भागवले. त्यानंतर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तिथे काउंटरवरच्या मुलाने दुसरी केबल लावून पाहण्याचेही कष्ट न घेता चार्जिंगचा भाग आणि बॅटरी दोन्ही बदलावे लागतील, ३,९०० रुपये होतील, फोन दोन दिवस ठेवावा लागेल आणि आतील सर्व माहिती पुसली जाईल, असे एका दमात सांगितले. सव्वादोन वर्षे वापरलेल्या फोनवर एवढा खर्च करावा की नाही, हा प्रश्न नंतरचा. निदान न करताच औषध लिहून दिल्यासारखे वाटले म्हणून मी तिथून उठलो.

गाळ्यावरच्या कारागिराने माझे म्हणणे पुरते ऐकायच्या आधीच विचारले, “काका, तुमचा चार्जर आणि केबल आणलीय का?” मी आणली नव्हती. त्याने मला परत पाठवले. त्या क्षणी राग आला, कारण त्या गल्लीत दुचाकी लावायला जागा मिळणे हेच अर्ध्या दिवसाचे काम आहे. पण दुसऱ्या दिवशी सगळे सामान घेऊन गेल्यावर त्याचा आग्रह का होता ते कळले. चार्जर, केबल, फोनचा सॉकेट, आतील बोर्ड आणि बॅटरी या साखळीतला कोणताही दुवा ढिला झाला तरी वरून दिसणारे लक्षण एकच असते आणि गिऱ्हाईक फक्त फोन घेऊन आले, तर साखळीतले पहिले दोन दुवे घरीच राहिलेले असतात.

त्याच्याकडे अंगठ्याएवढा एक मीटर आहे, जो चार्जर आणि केबल यांच्यामध्ये लावला की किती व्होल्ट आणि किती अँपिअर जात आहेत ते दिसते. माझा चार्जर १८ वॅटचा, म्हणजे चांगल्या स्थितीत ९ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत देणारा. मीटरवर आकडे पुढीलप्रमाणे नाचत होते: ५ व्होल्ट आणि ०.४ अँपिअर, मग ९ व्होल्ट आणि १.७, मग एकदम शून्य, पुन्हा ५ व्होल्ट. हे पाहिल्यावर रात्रभर केबल लावूनही बॅटरी का भरत नव्हती, ते मला प्रथमच नीट समजले. संपर्क तुटून पुन्हा जुळला की फोन आणि चार्जर यांना वेगवान चार्जिंगची बोलणी पहिल्यापासून करावी लागतात, तोवर वीज मंद गतीने जाते आणि दर खेपेला पडदा उजळतो तो खर्च वेगळाच.

मग त्याने स्वतःची केबल लावली, सुलट आणि उलट अशा दोन्ही बाजूंनी, आणि दोन्ही वेळा आकडे तसेच नाचले. त्याने फोन माझ्या डोळ्यांसमोर आडवा धरला. केबलचे टोक आणि फोनची कड यांच्यात नखाच्या जाडीएवढी फट राहत होती. टोक शेवटपर्यंत आत जातच नव्हते. फोन बंद करून त्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि बांबूच्या बारीक काडीने सॉकेटच्या तळातून जे बाहेर काढले, ते पाहून मला माझीच लाज वाटली. माझ्या निळ्या पँटच्या खिशातला कापसाचा तंतू, दोन वर्षे केबलच्या टोकाने आत दाबत नेलेला, नमद्यासारखा घट्ट झालेला एक तुकडा. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने त्याने आतील पट्टी पुसली, ती वाळू दिली आणि केबल लावली, तेव्हा ती टक् असा आवाज करून बसली. मीटरवर ९ व्होल्ट आणि १.८ अँपिअर स्थिर झाले. घरी हेच काम करायला निघालेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की टाचणी किंवा सुई आत घालायची नाही, कारण मधल्या पट्टीवरचे संपर्क, म्हणजे धातूच्या बारीक पिना, नाजूक असतात, आणि तोंडाने फुंकर मारायची नाही, कारण तिच्यासोबत ओलावा आत जातो.

माझी जुनी केबल मात्र स्वच्छ सॉकेटमध्येही मुळाशी हलवली की आकडा खाली आणत होती, म्हणून २५० रुपयांची नवी घेतली. सफाईचे १०० रुपये झाले. निघताना तो म्हणाला, “आतली एक पिन काळी पडलीय. आत्ता चालतेय, चालेल तोवर चालू द्या.”

ती सोळा दिवस चालली. या वेळचे लक्षण निराळे होते: केबल एका बाजूने लावली तर फोन व्यवस्थित चार्ज होई, उलटी लावली तर काहीच नाही. टाईप-सी सॉकेटमध्ये २४ संपर्क असतात, पट्टीच्या वरच्या बाजूला १२ आणि खालच्या बाजूला १२. मुख्य वीज वाहणारे संपर्क दोन्ही बाजूंना असल्याने केबल कशीही लावली तरी चालते. पण समोर फोन आहे की नाही आणि केबल कोणत्या बाजूने लागली आहे, हे ओळखण्याचे काम प्रत्येक बाजूचा एकेक संपर्क करतो. दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या केबलवर ही ओळख पटेपर्यंत चार्जर वीज सोडत नाही. त्यामुळे ओळखीचा एक संपर्क गेला, की त्या बाजूने फोन मेल्यासारखा वाटतो. काळी पडलेली पिन नेमकी तीच होती. फोन ओला असताना चार्जिंगला लावला होता का, असे त्याने विचारले आणि मला जुलैतली एक संध्याकाळ आठवली, जेव्हा पावसातून घरी येऊन मी खिशातला फोन तसाच केबलला जोडला होता आणि पडद्यावर आलेली ओलाव्याची सूचना बाजूला सारली होती. ओलावा आणि वीज एकत्र आले की संपर्क झपाट्याने गंजतात.

त्याने आधीच पिन पाहिली होती, तर तेव्हाच सॉकेटचा बोर्ड बदलून का दिला नाही, असा आक्षेप कुणी घेऊ शकेल. मला ते पटत नाही. त्याने दोष सांगितला, भीती घातली नाही आणि निर्णय माझ्यावर सोडला. माझ्या मते या गाळ्याचा खरा गुण हाच आहे.

सॉकेट ज्या छोट्या बोर्डावर असतो त्याला हे लोक सब-बोर्ड म्हणतात आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो मुख्य बोर्डापासून वेगळा असल्याने एकटा बदलता येतो. त्याने दोन पर्याय समोर ठेवले: ३५० रुपयांची कॉपी किंवा दुसऱ्या फोनमधून काढलेला ओरिजिनल, ८०० रुपयांना. कॉपी लावली तर फास्ट चार्जिंग जाईल, हे त्याने न विचारता सांगितले. मी ओरिजिनल घेतला. मागचे झाकण गरम करून उघडणे, सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढणे, बोर्ड बदलणे हे सगळे पाऊण तासात झाले. नंतर त्याने मला घरी फोन लावून दोन मिनिटे बोलायला लावले, कारण खालचा माईक त्याच बोर्डावर असतो आणि चार्जिंग सुधारले पण आवाज गेला, असे होऊ शकते.

मी थांबलो असताना एक कॉलेजची मुलगी फोन ८० टक्क्यांवरच अडतो अशी तक्रार घेऊन आली. त्याने सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी जपण्यासाठीची मर्यादा तिला दाखवली, ती हवी तर ठेव नाहीतर काढ असे सांगितले आणि पैसे घेतले नाहीत.

आता उणिवा. पावती मिळत नाही. महिनाभराची हमी तोंडी आहे. तपासणीसाठी तो फोनचा लॉक पॅटर्न कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून मागतो आणि तसे चिटोरे त्याच्या टेबलावर उघडे पडलेले असतात. मी नकार दिला आणि समोर उभे राहून स्वतः लॉक उघडून दिले, त्याला त्याने हरकत घेतली नाही; पण फोन ठेवून जाणाऱ्यांनी याचा विचार करावा. उघडलेल्या फोनचे पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीसारखे राहत नाही, ही गोष्टही त्याने मी विचारल्यावरच सांगितली, आधी सांगायला हवी होती. संध्याकाळी सहानंतर तिथे एवढी गर्दी असते की त्याचे मोजून मापून काम करणे सुटते आणि घाई दिसू लागते, म्हणून सकाळी अकराच्या सुमारास जाणे बरे.

बोर्ड बदलून पाच आठवडे झाले. केबल दोन्ही बाजूंनी चालते आणि शब्दकोश कपाटात परत गेला आहे. मागच्या झाकणाचा खालचा डावा कोपरा मात्र किंचित उचलला गेला आहे, त्यामुळे तो चिकटवून घ्यायला हमीचा महिना उलटला असला तरी पुन्हा जावे लागणार आहे. या वेळी चार्जर आणि केबल न विसरता सोबत नेईन.