एल्को की मारेम्मा? गुराख्यांची कविता ऐकायला निघण्यापूर्वी

जनावरांमागे हिंडणारी माणसं कवनं रचतात, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. धनगरांच्या ओव्या ढोलाच्या तालावर रात्र रात्र चालतात. पण अमेरिकेतला काउबॉय म्हटला की आपल्याला पिस्तूल आणि धुरळाच आठवतो. इटलीत घोड्यावर बसून गुरं राखणारे लोक आहेत, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं. हे लोक दोन्हीकडे आजही आहेत, त्यांच्या मुलखातली कविताही जिवंत आहे आणि ती ऐकायला मुद्दाम जाता येतं. अमेरिकेत त्यासाठी जायचं ते नेवाडा राज्यातल्या एल्कोला. इटलीत जायचं ते तोस्कानाच्या दक्षिणेला, ग्रोसेतो शहराभोवतीच्या मारेम्मात.

रजा आणि पैसे एकाच प्रवासापुरते असतील तर कुठे जावं? माझं मत आधीच सांगून टाकतो. कवितेसाठी जाणार असाल तर एल्को, गुरं आणि घोडे बघायला जाणार असाल तर मारेम्मा. एल्कोत काम ऐकायला मिळतं, मारेम्मात ते बघायला मिळतं. आता हे असं का, ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं असेल तर तेही तुम्हाला सापडेल.

एल्को हे साधारण वीस हजार वस्तीचं गाव, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर. 1985 च्या जानेवारीत हॅल कॅनन या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने, वॅडी मिचेल या नेवाडातल्याच काउबॉय कवीला आणि आसपासच्या राज्यांतल्या अभ्यासकांना बरोबर घेऊन इथे पहिला कवितामेळा भरवला. ऐन थंडीत का भरवला, याचं उत्तर कामात आहे. रँचवरच्या माणसाला वर्षात उसंत मिळते ती याच दिवसांत. गुरं रानातून खाली आणून चाऱ्यावर ठेवलेली असतात आणि गाई विण्याची धांदल अजून सुरू व्हायची असते. मेळा आजही जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो आणि आठवडाभर चालतो. 2000 साली अमेरिकेच्या सिनेटने ठराव करून त्याला ‘राष्ट्रीय’ म्हटलं. आयोजन वेस्टर्न फोकलाइफ सेंटर करतं. त्यांचं बिऱ्हाड पायोनियर हॉटेलच्या जुन्या इमारतीत आहे.

कवीच्या सोयीचा हा मोसम पाहुण्याला मात्र जड जातो. सगळीकडे बर्फ, रात्री पारा शून्याच्या बराच खाली. घोड्यावरून गुरं हाकणारा माणूस बघायला गेलात तर हात हलवत परत याल. तो माणूस त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात रेशमी रुमाल घालून सभागृहाच्या पहिल्या रांगेत बसलेला असतो.

पण तो बोलायला उभा राहिला की मग बघा. चार चार ओळींची कडवी, पक्कं यमक, घोड्याच्या दुडक्या चालीसारखी लय आणि आत एक सरळ गोष्ट. हातात कागद नसतो. दहा मिनिटांची कविता असली तरी ती पाठच म्हणायची, अशी इथली रीत आहे. दुसऱ्याची जुनी कविता नीट म्हणून दाखवणाऱ्यालाही इथे मान असतो. लोकांना पाठ असलेल्या कवींपैकी ब्रूस किस्कॅडन हा तरुणपणी काउबॉय होता आणि पुढे लॉस एंजेलिसच्या हॉटेलात बॅगा उचलायच्या नोकरीवर राहिला. त्याच्या कविता गुरांच्या बाजाराच्या कॅलेंडरवर छापून घरोघरच्या स्वयंपाकघरांत पोचल्या. आपल्याकडे देवादिकांची चित्रं पोचली तशीच. ही कविता विद्यापीठातून आलेली नाही. ती रात्रीच्या राखणीतून, गडीमाणसांच्या खोलीतून आणि अशा कॅलेंडरांतून आली आहे.

तिच्यात काम किती बारकाईने येतं, याचं एकच उदाहरण देतो. नेवाडातला काउबॉय स्वतःला ‘बकारू’ म्हणवतो. गुराख्यासाठीच्या ‘वाकेरो’ या स्पॅनिश शब्दाचंच ते बदललेलं रूप आहे. टेक्सासचा गडी फास टाकण्याआधीच दोराचं टोक खोगिराच्या शिंगाला, म्हणजे खोगिराच्या पुढच्या उभ्या खुंटाला, बांधून ठेवतो. बकारू बांधत नाही. त्याचा दोर लांबलचक असतो, पूर्वी तो कच्च्या कातड्याच्या पट्ट्या विणून करत. फास गाईच्या शिंगांत बसला की धावत्या घोड्यावरच तो दोराचे वेढे खोगिराच्या शिंगाला मारतो आणि दोर हळूहळू सोडत, आवळत जनावराला आवरतो. याला ‘डॅली’ म्हणतात, तोही स्पॅनिशमधूनच आलेला शब्द. वेढा मारताना अंगठा वर ठेवायचा असतो. तो दोर आणि शिंग यांच्या मध्ये सापडला तर पलीकडून चार-पाचशे किलोंचं जनावर ओढत असतं, आणि अंगठा तुटतो. एल्कोत टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे बघा. अंगठा नसलेला हात दिसला तर त्याची गोष्ट विचारावी लागत नाही, कवितेत ती आधीच येऊन गेलेली असते.

या कवितांत विनोद भरपूर असतो, पण मला जास्त भिडतं ते त्यांतलं जमिनीचं दुःख. नेवाडाची 80 टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. रँचवाल्याचं घर आणि गवताचं कुरण स्वतःचं, पण उन्हाळ्यात गुरं चरतात ती परवान्यावर, सरकारी रानात. दुष्काळ पडला की परवान्यावरची गुरं कमी करावी लागतात. पोरं शहरात जातात. बापाचं खोगीर कुणाला द्यायचं, हा प्रश्न उरतो. माझं आजोळ माणदेशातलं. छावणीत बांधलेली खिलार मी लहानपणी पाहिली आहे, त्यामुळे या कविता मला परक्या वाटत नाहीत.

आता मारेम्मा. हा सगळा मुलूख एके काळी दलदलीचा आणि मलेरियाचा. उन्हाळ्यात तिथे राहणं म्हणजे मरण ओढवून घेणं. ग्रोसेतोची सरकारी कार्यालयं दर उन्हाळ्यात उठून डोंगरावरच्या गावात जात, आणि हा प्रकार 1897 पर्यंत चालला. 1828 पासून तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने पाणी काढून जमीन उघडी करायचं मोठं काम हाती घेतलं. ते पुरं व्हायला विसावं शतक उजाडलं. अशा रानात टिकली ती मारेम्माना गुरं. राखाडी रंग, वीणेच्या आकाराची लांब शिंगं, वर्षभर उघड्यावर. वासरू जन्मतं ते गव्हाळ-तांबूस आणि मग राखाडी होत जातं. खिलारच्या वासराच्या माथ्यावर सुरुवातीला असते ती तांबूस झाक आठवा.

ही गुरं राखणारा तो ‘बुत्तेरो’. अनेक असले की ‘बुत्तेरी’. अमेरिकन काउबॉयची सगळी मदार दोरावर, तर याची काठीवर. ‘माझ्झारेल्ला’ नावाची लांब लाकडी काठी, एका टोकाला आकडा. घोड्यावरून न उतरता तिने फाटक उघडायचं, बंद करायचं, गाईला वळवायचं, कुत्र्याला दूर ठेवायचं. दोरही वापरतात, पण त्यांच्या ‘स्काफार्दा’ खोगिराला पुढे शिंगच नसतं, तेव्हा वेढे मारायचा प्रश्न येत नाही. घोडाही मारेम्मानोच, थोराड हाडाचा आणि चिखलात पाय न डगमगणारा.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं ठिकाण म्हणजे आल्बेरेझे. ग्रोसेतोच्या दक्षिणेला समुद्रालगत मारेम्माचं प्रादेशिक उद्यान आहे, 1975 सालचं. त्यातच तोस्काना सरकारच्या मालकीची ही जुनी शेती-वाडी आहे. बुत्तेरी भल्या पहाटे स्पेर्गोलाया या ठाण्यावर घोड्यांवर खोगीर चढवतात आणि कळपांकडे निघतात. ज्याला घोडा चांगला चालवता येतो, त्याला आगाऊ ठरवून त्यांच्याबरोबर जाता येतं. ‘चांगला’ या शब्दावर भर द्या. माथेरानला घोड्यावर बसलो होतो, एवढी पुंजी इथे पुरत नाही. बसता येत नसेल तरी मेच्या सुरुवातीला जनावरांना डाग द्यायचा दिवस असतो, त्याला ‘मेर्का’ म्हणतात, तो कुंपणाबाहेर उभं राहून बघता येतो. जनावर कळपातून वेगळं काढायचं, धरायचं, पाडायचं आणि तापलेल्या लोखंडाने मालकाची खूण उठवायची. जळलेल्या केसांचा वास नाकात बसतो. ज्यांना हे बघवणार नाही त्यांनी तो दिवस टाळावा.

मग मारेम्मात कविता कुठे आहे? इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण प्रवासाची जाहिरात वाचून गैरसमज होऊ शकतो. एल्कोत मंचावरचा कवी बऱ्याचदा स्वतःच गुरं राखणारा असतो. मारेम्मात तसं समजून जाऊ नका. तिथली लोककविता ही मेंढपाळांची, शेतकऱ्यांची, खाणकामगारांची. बुत्तेरो त्यांच्याच गावचा, त्यांच्याच पंगतीला बसणारा, पण तो कवी असेलच असं नाही. या कवितेला ‘ओत्तावा रीमा’ म्हणतात. आठ ओळींचं कडवं, अकरा अक्षरांची ओळ. पहिल्या सहा ओळींत दोन यमकं आळीपाळीने येतात आणि शेवटच्या दोन ओळींना तिसरं यमक. सोळाव्या शतकातल्या इटालियन महाकाव्यांचा हाच छंद. शाळेत न गेलेल्या मेंढपाळांना त्यातले भागच्या भाग तोंडपाठ असत.

आणि ही कविता जागच्या जागी रचतात. दोन कवी समोरासमोर उभे राहतात. श्रोत्यांतून विषय येतो: पाणी की दारू, मालक की कूळ, शहर की खेडं. एकाने एक बाजू घ्यायची, दुसऱ्याने दुसरी. पहिल्याने आठ ओळी गाऊन संपवल्या की दुसऱ्याने त्या शेवटच्या ओळीचं यमक उचलूनच आपलं कडवं सुरू करायचं. म्हणजे समोरच्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत आपल्याला काय यमक लागणार आहे ते कळत नाही. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्याने ऐकले आहेत त्याला या खेळाची नशा समजावून सांगायची गरज नाही. पहिलाही मुद्दाम अवघड यमक टाकून जातो आणि दुसऱ्याने ते पेललं की लोक ओरडतात. ग्रोसेतोजवळच्या रिबोल्ला गावात अशा शीघ्रकवींचा मेळावा भरत आला आहे. हे रिबोल्ला कोळशाच्या खाणीचं गाव, 4 मे 1954 च्या स्फोटात इथे 43 कामगार गेले. त्यामुळे ‘मालक की कूळ’ हा विषय इथे नुसता खेळ राहत नाही.

अडचण भाषेची. एल्कोची इंग्रजी सुरुवातीला कानाला जड जाते, घोड्याच्या रंगांना आणि सामानाला शेकडो शब्द आहेत. पण कविता गोष्टीची असल्यामुळे तासाभरात कान सरावतो. ओत्तावा रीमात इटालियन येत नसेल तर चाल कळेल, जुगलबंदीचा ताव कळेल, लोक का हसले ते मात्र कळणार नाही. कुणी शेजारी बसून कुजबुजत अर्थ सांगितला तरी तोवर पुढचं कडवं सुरू झालेलं असतं. ज्या कवितेचा जीव हजरजबाबीपणात आहे, तिचं भाषांतर ऐकून काय हाती लागणार? म्हणूनच कवितेसाठी माझा कौल एल्कोला आहे. इटालियन शिकलेल्याने मात्र डोळे मिटून रिबोल्ला गाठावं. त्याच्यासाठी माझा सगळा सल्ला उलटा समजावा.

या दोन जगांची गाठ पडलेलीही आहे. 1890 साली बफेलो बिल हा अमेरिकन खेळवाला काउबॉयांच्या कसरती दाखवणारा आपला ‘वाइल्ड वेस्ट’चा तांडा घेऊन रोमला आला, तेव्हा रोमच्या दक्षिणेच्या चिस्तेर्ना गावचा बुत्तेरो आउगुस्तो इम्पेरियाली आणि त्याचे सोबती पैजेवर अमेरिकनांसमोर उतरले आणि त्यांनी अमेरिकनांचे न वठणीवर आलेले घोडे वठणीवर आणले. इटलीत ही हकीकत अजून छाती फुगवून सांगतात. पुढे 2013 च्या एल्कोच्या मेळ्याला मारेम्माचे बुत्तेरी पाहुणे म्हणून गेले, यावेळी पैज नव्हती.

प्रवासाचं बोलायचं तर मारेम्मा सोपं. रोमहून ग्रोसेतोला रेल्वेने साधारण दोन तास, पुढे आल्बेरेझे जवळच. एल्कोला सॉल्ट लेक सिटीहून मिठाच्या पांढऱ्या सपाट रानातून सुमारे 370 किलोमीटर गाडी चालवावी लागते, तीही बर्फाच्या दिवसांत. रेल्वे आहे, पण ती रात्रीची येते. छोटं विमानतळही आहे. हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात, कारण आसपास सोन्याच्या खाणी असल्यामुळे खोल्यांना एरवीही मागणी असते. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला लागणारा वेळ धरून मगच तिकीट काढा.

शाकाहारी असाल तर एल्कोत हाल होतील. तिथली खासियत म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या मुलखातून मेंढपाळी करायला आलेल्या बास्क लोकांची खाणावळ, लांब टेबलावर सगळ्यांनी मिळून जेवायचं, पण पानात मुख्यतः मटण आणि बीफ. मारेम्मात ‘आक्वाकोत्ता’ मागा. शिळा पाव, कांदा, टोमॅटो, वरून अंडं, असं हे गुराख्याचं गरिबाचं सूप, अंडं नको म्हटलं तरी चालतं.

मारेम्मा ठरवलंत तर डाग देण्याचा दिवस नक्की कधी आहे ते आल्बेरेझेला आधी विचारून घ्या आणि 30 एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत एखाद्या खेड्यात मुक्कामाला पोचा. त्या रात्री मे महिन्याचं स्वागत करणारी गाणारी मंडळी फुलांनी सजून घरोघर फिरतात, अंगणात उभं राहून घरच्यांसाठी कडवी गातात, आणि घरातली बाई त्यांना अंडी, चीज, दारू देते. मी तरी त्या रात्री दार लावून घेणार नाही.