जर्मनी की ब्रिटन: फिरायला कुठे बरं, माणसांत कुठे बरं

दोन्हीकडची ऑफर लेटर्स आली असतील, तर फी, रँकिंग आणि नोकरीचे तक्ते तुमचे करून झाले असणार. रिकामा राहतो तो एकच रकाना: वर्गाबाहेरचे दिवस कसे जाणार? मी जर्मनीतल्या आखेनमध्ये अडीच वर्षं मास्टर्स केलं. माझी जुनी रूममेट त्याच काळात एका वर्षाच्या मास्टर्ससाठी ब्रिटनमधल्या शेफील्डला गेली. दर रविवारी फोन व्हायचा. माझ्याकडे फोटो असायचे, तिच्याकडे माणसांच्या गोष्टी, आणि फोन ठेवताना दोघींनाही वाटायचं की आपलंच चुकलं.

फिरण्यात जर्मनीला तोड नाही, हे आधीच सांगून टाकते. जर्मन रेसिडेन्स परमिट हातात असलं की शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, बाकी देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस वेगळ्या व्हिसाशिवाय हिंडता येतं. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. जर्मनीला लागून नऊ देश, आणि नऊच्या नऊ शेंगेनमधले. आखेनहून मी साध्या सिटी बसने नेदरलँड्समधल्या व्हाल्सला जायचे. तिथून थोडं चढून गेलं की जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स जिथे मिळतात तो दगड लागतो. उंची ३२२ मीटर. युरोपातल्या नेदरलँड्समधलं हे सर्वांत उंच ठिकाण आहे, त्यामुळे डच मित्रासमोर हसू नये.

पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड मात्र बसमध्येही जवळ ठेवायचं. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली. फोनमधला फोटो तिथे चालत नाही. दुसरी अडचण परमिट संपत आल्यावर येते. नूतनीकरण लांबलं की हातात एक तात्पुरता कागद मिळतो, त्याचं नाव फिक्शन्सबेशाइनिगुंग. नाव पाठ होईपर्यंत बहुधा कार्ड येतं. तोवर परदेशवारीची तिकिटं काढू नका. कागदावर कोणत्या कलमाची खूण आहे, यावर तुम्हाला परत जर्मनीत येता येईल की नाही ते ठरतं.

देशातल्या देशात फिरायला डॉइचलांड-तिकीट आहे. २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं. विद्यार्थ्यांचं तिकीट त्याच्या ६० टक्के किमतीत, आणि बऱ्याच विद्यापीठांत ते सेमिस्टरच्या शुल्कातच धरलेलं असतं. बस, ट्राम, मेट्रो, रिजनल गाड्या, सगळं त्यात येतं. वेगवान आयसीई येत नाही. त्यामुळे आखेन ते बर्लिन ‘फुकट’ जायचं तर गाड्या बदलत अख्खा दिवस मोडतो, आणि एक गाडी चुकली की पुढची सगळी माळ ओघळते. मी एकदा वाटेतल्या हॅम स्टेशनच्या फलाटावर तास-दीड तास थंडीत उभी राहिले. तिकिटाला पैसे पडले नव्हते म्हणून तक्रार करायलाही लाज वाटली.

आता ब्रिटन. तिथला विद्यार्थी व्हिसा फक्त ब्रिटनपुरता. लंडनहून पॅरिस रेल्वेने सव्वादोन-अडीच तासांवर आहे, पण भारतीय पासपोर्टवर जायचं तर वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. त्याचे ९० युरो (जून २०२४ पासून), किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा, बँकेचे कागद, विद्यापीठाचं पत्र, आणि सगळ्यात अवघड म्हणजे अपॉइंटमेंट. मैत्रिणीने ख्रिसमसच्या सुटीसाठी ऑक्टोबरात शोधायला घेतली, तारीख मिळाली जानेवारीची. सुटी कॅम्पसच्या आसपासच गेली.

आयर्लंडचं प्रकरण तर आणखी फसवं. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्येच आहे, तिथे खुशाल जा. तिथून डब्लिनच्या रस्त्यावर नाकं नाही, बहुधा कुणी थांबवत नाही, सीमा कुठे गेली तेही कळत नाही. पण आयर्लंडचा व्हिसा वेगळा आहे, आणि ब्रिटनमधल्या भारतीय विद्यार्थ्यालाही तो लागतो. ‘कुणी विचारत नाही’ असं सांगणारे भेटतील. पकडलं गेल्यावर मात्र व्हिसाच्या पुढच्या प्रत्येक अर्जात ते लिहावं लागतं.

ब्रिटनच्या आत मात्र फिरणं छान आहे. १६-२५ रेलकार्डावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, आणि पूर्णवेळ विद्यार्थी असाल तर पंचविशी उलटल्यावरही ते काढता येतं. शेफील्डहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासात ईडल हे गाव येतं. पेनाइन वे ही लांबलचक पायवाट तिथूनच सुरू होते. पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग तर थेट शेफील्डच्या हद्दीतच आहे. मैत्रिणीने युरोप पाहिला नाही, पण तिथली टेकडी न् टेकडी पायाखाली घातली.

एकटीने नाही, आणि खरा फरक इथेच पडतो. ब्रिटिश विद्यापीठात पहिल्या आठवड्यात, म्हणजे फ्रेशर्स वीकमध्ये, माणसं तुमच्या अंगावर येतात. स्टुडंट्स युनियनच्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर एक सोसायटी: वादविवाद, गिर्यारोहण, विणकाम, काहीही. मैत्रिणीने गंमत म्हणून चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांच्या गटात नाव घातलं. त्यात धून नसतेच. सहा किंवा आठ घंटा, आणि दर फेरीला क्रम बदलायचा. सगळं आकडेमोडीवर चालतं, दोर हातात असताना डोक्यात १-२-३-४, २-१-४-३. इंजिनिअर मुलीला ते चटकन जमलं, आणि सराव संपला की सगळे पबमध्ये.

पबचं भय बाळगू नका, मैत्रीणही दारू पीत नाही. शिकावा लागतो तो राउंडचा रिवाज: एकाने सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याने. लिंबूपाण्यावर बसलेल्याला पाच जणांच्या बिअरचे पैसे भरायला लागू शकतात. पहिल्याच दिवशी ‘मी माझं घेते’ असं सांगितलं की प्रश्न मिटतो, कुणाला राग येत नाही. आणि ‘यू ऑल राइट?’ म्हणजे नुसता नमस्कार. खरंच तब्येतीचं सांगत बसू नये.

इकडे आखेनला आमच्या होस्टेलच्या मजल्यावर आठ जणांत एक स्वयंपाकघर होतं. फ्रिजच्या कप्प्यांवर नावं, भिंतीवर सफाईचा तक्ता, आणि सहा महिने फक्त ‘हालो’. मला वाटायचं, मीच आवडत नाही यांना. तसं नव्हतं. जर्मन माणूस ओळखीला वेळ लावतो. भेटायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरवतो. तू-तुम्हीचा फरक त्यांच्याकडेही आहे, दू आणि झी. विद्यार्थी आपसात दूच म्हणतात, पण ते नुसतं व्याकरणातलं दू. दुसऱ्या सेमिस्टरला शेजारणीने बोर्डगेमला बोलावलं. त्यानंतर मी तिच्या प्रत्येक कार्यक्रमात गृहीतच असायचे, पुढच्या ख्रिसमसला तिच्या आईवडिलांच्या घरीही गेले. एक चूक तुम्ही करू नका: वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या. ते अशुभ मानतात.

हे दार भाषेनेच उघडतं. कोर्स इंग्रजीत असला तरी स्वयंपाकघर जर्मनमध्ये बोलतं. कोर्स इंग्रजीत असला की वर्गात निम्मे आपलेच लोक भेटतात, त्यांच्यात वर्ष मजेत निघून जातं आणि जर्मन ए-वनवरच, म्हणजे पहिल्या पायरीवरच, अडकतं. शिवाय रविवारी दुकानं बंद. ज्याला एकटं वाटतं त्याला तो दिवस फार लांब होतो.

म्हणून मला विचाराल तर ऑफर लेटरवर आधी कोर्सची मुदत बघा. एका वर्षात जर्मन मैत्री जेमतेम रुजते, दोन-अडीच वर्षांत तिला फळ येतं. ब्रिटनची उलट बाजू अशी की एका वर्षाच्या मास्टर्समध्ये उन्हाळा प्रबंधात जातो, आणि सप्टेंबरात सगळी टोळी एकदम पांगते. सुट्यांच्या बाबतीत जर्मनीही फसवते. लेक्चरं फेब्रुवारीत संपतात, पण परीक्षा मार्चपर्यंत विखुरलेल्या असतात. नकाशा पाहून तारखा ठरवू नका, परीक्षांचं वेळापत्रक पाहून ठरवा.

मैत्रिणीला शेवटी व्हिसा मिळाला आणि एप्रिलात ती चार दिवस आखेनला आली. व्हाल्सचा दगड दाखवून परत आणलं आणि मी कपडे मशीनला लावायला तळघरात गेले. वर आले तर ती आमच्या स्वयंपाकघरात एका मुलाशी खिदळत बसली होती. दीड वर्ष त्याचं नाव मी फक्त फ्रिजच्या कप्प्यावर वाचत आले होते.