चांगल्या बातम्यांची वेबसाइट: बातम्या वेचायच्या की स्वतः आणायच्या?

चांगल्या बातम्यांची वेबसाइट काढायचं डोक्यात आलं की आधी नाव सुचतं, मग लोगो, आणि मग बरेच दिवस रंग ठरवण्यात जातात. बातम्या येणार कुठून, हे मात्र शेवटी बघू म्हणून राहून जातं. उत्तरं दोनच आहेत. एक तर जगभर छापून आलेल्या बातम्यांतून चांगल्या तेवढ्या वेचायच्या, नाहीतर आपण जाऊन, बोलून, तपासून स्वतःच्या आणायच्या. मी पहिल्या प्रकारची साइट दोन वर्षं चालवली आणि आता दुसऱ्या प्रकारच्या साइटवर संपादनाचं काम करतो. त्यामुळे माझं माप थोडं एका बाजूला झुकलेलं आहे, ते धरूनच वाचा.

वेचणीचा मोठा फायदा म्हणजे ती उद्या सुरू करता येते. एक माणूस, एक लॅपटॉप, सकाळचे दोन तास. ही पद्धत टिकत नाही असंही नाही. ‘गुड न्यूज नेटवर्क’ १९९७ पासून चालू आहे, म्हणजे फेसबुक जन्माला यायच्या आधीपासून. पण त्या दोन तासांत पन्नास मथळे चाळून चार-पाच निवडायचे, आपल्या शब्दांत लिहायचे, वापरायला मोकळा फोटो शोधायचा, की वेळ संपतो. तपासायला उरतच नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन परतल्याची बातमी जगभर फिरली. तो व्हिडिओ व्हेनिसचा नव्हताच, सार्डिनिया बेटावरच्या एका बंदरातला होता. वाईट बातमी आली की आपण ‘खरं आहे का?’ असं विचारतो. चांगली असली की ‘किती छान!’ म्हणून पुढे ढकलतो, आणि वेचणाराही शेवटी वाचकच असतो.

माझा स्वतःचा धडा याहून साधा होता. एका संस्थेनं मुलींना शाळेत जायला सायकली वाटल्याची प्रेस नोट आली. सोबतच्या फोटोत रांगेत उभ्या चकचकीत सायकली आणि हँडलला फुगे. मी दहा मिनिटांत बातमी लावली आणि ती भरपूर फिरलीही. चारेक महिन्यांनी एका वाचकानं दुसरा फोटो पाठवला. त्याच सायकली, पण बसलेल्या ट्यूबा, गंजलेल्या चेन. जवळपास पंक्चर काढणारं कुणी नव्हतं. मी लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी बातमी अर्धीच होती आणि उरलेली अर्धी मिळवायची सोय माझ्या पद्धतीत नव्हती.

स्वतः वार्तांकन करणाऱ्यांची शिस्त वेगळी असते. अमेरिकेतल्या ‘सोल्यूशन्स जर्नालिझम नेटवर्क’नं २०१३ पासून जी पद्धत रुजवली, तिच्यात बातमीला चार प्रश्न विचारतात: नेमकं काय केलं, ते चालतं याला पुरावा काय, इतरांना त्यातून काय घेता येईल, आणि ते कुठे कमी पडतं. चौथा प्रश्न प्रेस नोटमध्ये कधीच नसतो.

म्हणून हे लोक फसत नाहीत असं मात्र समजू नका. प्लेपंपची गोष्ट बघा. मुलं गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळतात आणि त्या फिरण्यानं जमिनीतलं पाणी टाकीत चढतं. दक्षिण आफ्रिकेतली ही कल्पना कुणालाही आवडावी अशीच. २००५ मध्ये अमेरिकी टीव्हीवर तिचं कौतुक करणारा वृत्तांत आला आणि पुढच्या वर्षी १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली. प्रत्यक्षात मुलं कंटाळायची आणि मग बायकांना ते जड चाक हातानं फिरवावं लागायचं. बिघडलेले पंप दुरुस्तीची वाट बघत पडून राहायचे. २०१० मध्ये तो वृत्तांत करणारीच वार्ताहर पुन्हा आफ्रिकेत गेली आणि हे सगळं तिनंच दाखवलं. वेचणारा असं परत जाऊ शकत नाही, कारण तो आधी गेलेलाच नसतो. दोन्ही प्रकारांत मला दिसलेला खरा फरक हाच.

पण किंमतही तशीच. एका वृत्तांताला आमचे तीन आठवडे जातात, आणि कधीकधी शेवटी कळतं की त्यात दम नाही. तो सोडून द्यावा लागतो.

आता पैसा. वेचणीच्या साइटचा भर बहुधा जाहिरातींवर, म्हणजे क्लिकवर असतो आणि इथेच गंमत आहे. ‘अपवर्दी’ ही अमेरिकेतली अशीच साइट २०१२ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षअखेरीस महिन्याला आठ कोटींवर लोक तिथे येत होते. फेसबुकनं आपल्या फीडची गणितं बदलली आणि काही महिन्यांत तो आकडा बराच घसरला. कुठल्याला जास्त क्लिक येतात हे बघायला त्याच साइटनं लावून पाहिलेल्या एक लाखाहून जास्त मथळ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नकारात्मक शब्दांनी क्लिक वाढतात आणि सकारात्मक शब्दांनी घटतात, असं त्यात निघालं. तेही आशा देणाऱ्या साइटवर! रशियातल्या ‘सिटी रिपोर्टर’नं डिसेंबर २०१४ मध्ये एक दिवस फक्त चांगल्या बातम्या दिल्या, तर दोन तृतीयांश वाचक गळाले. बातम्या टाळणारे लोक वाढताहेत हे खरं आहे. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २०१७ मध्ये २९ टक्के होते, २०२२ मध्ये ३८. पण टाळणारा माणूस आपल्याकडे वळेलच, हा हिशोब फार गुलाबी आहे.

वाचक पैसे देतात, पण थोडे वाचक आणि विश्वास बसल्यावर. ब्रिटनचं ‘पॉझिटिव्ह न्यूज’ १९९३ पासून निघतं. २०१५ मध्ये ३३ देशांतल्या दीड हजारांवर लोकांनी पैसे घालून ते सहकारी मालकीचं केलं. त्याआधी बावीस वर्षं अंक निघत होते, हे विसरू नका.

नोकरी सांभाळून एकट्यानं करणार असाल तर वेचणीच घ्या, पण रोज नको. आठवड्याला एकदा, पाच बातम्या, ईमेलनं. प्रत्येकीचा मूळ स्रोत उघडून वाचायचा आणि जमेल तिथे एक फोन करायचा. रोजच्या रतीबात हे होत नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय. दोघं-तिघं असाल आणि एकाला तरी वार्तांकनाची सवय असेल, तर महिन्याला दोनच वृत्तांत करा आणि पहिल्या दिवसापासून वर्गणीचा पर्याय ठेवा. हातात वर्षभराचा खर्च नसेल तर या दुसऱ्या वाटेला जाऊ नका, मध्येच बंद पडते.

कुठलीही वाट घ्या, एक वही ठेवा. बातमी, तारीख, फोन नंबर आणि पुन्हा कधी विचारायचं तो महिना. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यातले सहा नंबर लावतो. दोघंतिघं उचलतच नाहीत. एखादा मात्र उत्साहानं अर्धा तास बोलतो, आणि पुढचा वृत्तांत बहुतेक वेळा तिथूनच निघतो.