खानापूरचं मातीचं भांडं, पाखरांसाठी घेतलेलं
मार्चमधी बेळगावजवळच्या खानापूरला गेलतो, तिथली मातीची भांडी म्हणजे आपल्याकडं सगळ्यांनाच ठाऊक, तर रस्त्याकडंला एका मावशींकडनं पाखरांना पाणी ठेवायला पसरट भांडं घेतलं, १५० रुपये, घासाघीस केली नाही. बेळगावात टिळकवाडीत आमची गॅलरी एवढीशी, कढीपत्ता, जास्वंद नि तुळस, बस्स. पहिले चार दिवस कोण फिरकलं नाही, बायको म्हणाली कावळ्यासाठी आणलंयस काय! मग बुलबुलाची जोडी यायला लागली, आता दयाळ पक्षीपण येतोय, सकाळी चहा गार होतोय बघत बसून.

भांडं २ इंचच खोल आहे ते बेस्ट, खोल असलं की बारकी पाखरं उतरत नाहीत. कड खरबरीत, पाय घसरत नाही. प्लास्टिकचं आधी ऑनलाइन मागवलेलं, उन्हानं महिन्यात तडकलं, पैसे पाण्यात. ह्यात पाणी गारबी राहतंय.

खोट एकच, पाझरतंय, खाली ताटली ठेवा नायतर खालच्या काकू वर येतात. आणि पाणी रोज बदला, डासांच्या अळ्या होतात. शेवाळ आलं तर नारळाच्या काथ्यानं घासायचं, साबण नको. दुसरं घ्यायला परत जाणार आहे.